अपात्र वाचक

पुनर्विकासाच्या सभांना बसून बसून ज्याची कंबर धरली आहे, अशा मुंबईकराला जगातलं कुठलंही इमारतीचं प्रकरण परकं वाटत नाही. गाव बदलतं, चलन बदलतं, सभेत वड्याऐवजी चीज येतं. पण बिल्डरच्या ऑफिसातल्या काचेच्या पेटीतलं ते मॉडेल, त्यातली स्पंजाची हिरवी झाडं आणि कुत्रं फिरवायला निघालेली ती बोटभर गोरी बाई सगळीकडे तीच असते. म्हणून न्यूयॉर्कच्या डोनेल ग्रंथालयाची कहाणी वाचायला घेतली तेव्हा दुसऱ्याच परिच्छेदाला मी बायकोला म्हटलं, "आता बघ, तीन वर्षांत ताबा देतो म्हणतील." पुढच्या ओळीत तेच होतं. ती म्हणाली, "मग मिळाला कधी?" मी म्हटलं, "आठ वर्षांनी." ती म्हणाली, "म्हणजे वेळेतच की."

मॅनहॅटनमध्ये त्रेपन्नाव्या रस्त्यावर आधुनिक कलेचं ते प्रसिद्ध संग्रहालय आहे. लोक तिकीट काढून आत जातात आणि काही कळलं नाही तरी कळल्यासारखा चेहरा करून बाहेर येतात. डोनेल त्याच्या बरोब्बर समोर. तिकीट नाही, चेहऱ्याची अट नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररी म्हटलं की आपल्याला दारातले दोन दगडी सिंह आठवतात, पण ते मुख्यालय, बेचाळिसाव्या रस्त्यावरचं. डोनेल ही शाखा, आणि शाखेला सिंह देत नाहीत. १९५५ साली उघडलेली ही पाच मजली इमारत ज्या वास्तुविशारदांनी काढली, त्यांतला एक, एडगर विल्यम्स, हा विल्यम कार्लोस विल्यम्स या कवीचा सख्खा भाऊ. घरात एक कवी असला की दुसऱ्याला बांधकामात पडावंच लागतं. इथे कवीही पेशाने डॉक्टर होता, म्हणजे त्या घराचं एकूण बरं चाललं असणार.

नाव मात्र इझिकेल डोनेल या कापसाच्या व्यापाऱ्याचं. हे गृहस्थ १८९६ साली वारले आणि जाताना ग्रंथालयासाठी पैसे ठेवून गेले. तरुण पोरांनी संध्याकाळी वाईट नादाला न लागता कुठेतरी बसून चार चांगली पुस्तकं वाचावीत, अशी त्यांची इच्छा होती. पैसे १८९६ चे, इमारत १९५५ ची. कामाचा हा वेग पाहून मला न्यूयॉर्कबद्दल एकदम आपलेपणा वाटू लागला. आणि आता त्याच जागेवर काय आहे? हॉटेल आहे. त्या हॉटेलात बार आहे. तरुण मंडळी संध्याकाळी तिथे बसतात. इच्छेतला 'संध्याकाळ' आणि 'तरुण' एवढा भाग तरी त्यांनी जसाच्या तसा पाळला, असं म्हणायचं.

झालं असं. इमारत पन्नाशी ओलांडून गेलेली, दुरुस्तीला पैसा हवा, आणि खालची जमीन मॅनहॅटनच्या ऐन पोटात. २००७ च्या नोव्हेंबरात जाहीर झालं की ओरिएंट एक्स्प्रेस हॉटेल्स ही कंपनी ५ कोटी ९० लाख डॉलरना जागा घेणार, तिथे उंच हॉटेल बांधणार आणि त्याच्या पोटात ग्रंथालयाला नवीकोरी जागा देणार. मागच्या रस्त्यावरचा नामांकित '२१' क्लब त्यांच्याच मालकीचा होता, म्हणजे आपल्याकडे शेजारच्या प्लॉटचा बिल्डर जसा आधी चहाला येतो तसंच. २०११ ला परत भेटू, असं सांगून २००८ साली डोनेलला कुलूप लागलं. त्याच वर्षी सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स बुडाली आणि तिच्या मागोमाग निम्मं जग. २००९ मध्ये हॉटेलवाल्यांनी हात वर केले.

बिल्डर पळाला, हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. त्या वाक्यामागोमाग भाडं थकतं, वॉचमन बदलतो, पत्र्यावरचं 'लवकरच येत आहे' उन्हाने फिकं पडतं आणि सेक्रेटरी जिन्यात दिसला की लोक एकदम लिफ्टने जायला लागतात. न्यूयॉर्कमध्ये वाचकांचं भाडं थकलं नाही, कारण ते कुणी देत नव्हतंच. तिकडे हॉटेल नाही, ग्रंथालय नाही, नुसती रिकामी इमारत, अशी वर्षं गेली. २०११ मध्ये नवे बिल्डर आले, ट्रायबेका असोसिएट्स आणि स्टारवुड कॅपिटल. मग डोनेल पाडलं आणि मनोरा वर चढू लागला. त्याचं नाव बॅकारा. १७६४ पासून काचसामान करणारी ही फ्रेंच कंपनी; झुंबरं, पेले, सगळं लखलखीत. २०१५ च्या सुरुवातीला ते हॉटेल एका चिनी विमा कंपनीने २३ कोटी डॉलरना घेतलं. खोल्या ११४, म्हणजे खोलीमागे वीस लाख डॉलरच्या वर. वरच्या सदनिका वेगळ्याच. त्यांतल्या सगळ्यात वरच्या पेंटहाउसला ६ कोटी डॉलर मागितले गेले. म्हणजे जमिनीसकट अख्ख्या ग्रंथालयाचा जो भाव ठरला होता, त्यापेक्षा दहा लाख जास्त. त्या घरात पुस्तकांचं कपाट असेल का, हा विचार मला उगाच छळतो.

आणि ग्रंथालय? २०१६ च्या जूनमध्ये उघडलं. दार रस्त्यावर आणि बाकी बहुतेक कारभार जमिनीखाली. जुनं डोनेल सुमारे ९७ हजार चौरस फुटांचं होतं, नवं सुमारे २८ हजारांचं.

इथे मी वाचन थांबवून पाणी प्यायलो. अहो, गिरगावातल्या एकशेऐंशी फुटांच्या खोलीतला पागडीवाला म्हातारा घ्या. कानाने ऐकू येत नाही, डोळ्याला मोतीबिंदू. त्याला सांगा, 'आजोबा, तुमच्या जागेच्या तिसऱ्या हिश्शाहून कमी जागा देतो, तीही तळघरात.' त्याला तत्काळ ऐकू येईल. बिल्डरने पस्तीस टक्के वाढीव एरिया दिला तर तो पंचेचाळीस मागतो, वर पार्किंग मागतो. गाडी नसते, तरी मागतो. कारण त्याच्यापाशी भाडेपावती आहे, लाइटबिल आहे, रेशनकार्ड आहे. म्हाडाच्या यादीत तो पात्र भाडेकरू आहे. वाचकापाशी यातलं काय असतं?

काही नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या भागात एका जुन्या वाचनालयाची शाखा एका उपकरप्राप्त इमारतीच्या तळमजल्यावर होती. दोन खोल्या, मधली भिंत पाडून केलेली एक. दाराशी लाकडी पट्ट्यांत अडकवलेली वर्तमानपत्रं, आणि त्यांच्यासमोर सकाळी साडेआठला येऊन बसणारे एक निवृत्त गृहस्थ. ते वाचनालयाच्या पेपरातलं शब्दकोडं सोडवत, पण पेन्सिलीने, म्हणजे माणूस सभ्य. ग्रंथपाल बाईंच्या टेबलाला डाव्या हाताला एक ड्रॉवर होता. नवं पुस्तक आलं की आधी त्या ड्रॉवरमध्ये जाई, तिथून मर्जीतल्या चार सभासदांकडे आणि मग, पावसाळा उलटल्यावर, कपाटात. त्या ड्रॉवरपर्यंत पोचायला मला बरीच वर्षं आणि बाईंच्या भाच्याच्या पत्रिकेत घातलेलं लक्ष एवढं लागलं. दिवाळी अंकांची योजना सुरू झाली की बाईंचा रुबाब आरटीओच्या साहेबासारखा होई. "तो अंक तुमच्या मिसेसनी परवाच नेला," असं त्या सांगत. माझ्या घरात काय चाललंय हे मला असं वाचनालयातून कळे.

ती इमारत पुनर्विकासाला गेली तेव्हाच्या सभेला आम्ही पाच-सहा वाचक जाऊन बसलो. अध्यक्षांनी विचारलं, "आपली खोली कुठली?" मी म्हटलं, "खोली नाही, आम्ही वाचनालयाचे सभासद." ते म्हणाले, "मग संस्थेचा प्रतिनिधी कुठाय?" संस्थेचा प्रतिनिधी पुढच्या रांगेत बिल्डरशेजारी बसून वडा खात होता. शब्दकोड्यावाले गृहस्थ उठून म्हणाले, "मी इथे रोज येतो, एक्काहत्तर सालापासून." अध्यक्ष फार मृदू स्वरात म्हणाले, "काका, त्याची पावती आहे का?" काकांनी पाकिटातून दहा रुपये अनामतीची पावती काढली. पावती खरी होती. तिचा सभेवर फारसा परिणाम झाला नाही.

मग आर्किटेक्टने पडद्यावर चित्र दाखवलं. पोडियमवर, जिमच्या पलीकडे, 'रीडिंग लाउंज'. पांढरे सोफे, कुंडीत ताड आणि भिंतीवर रंगांप्रमाणे लावलेली पुस्तकं: निळी निळ्यांत, लाल लालांत. बाईंनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "यात ह. ना. आपटे कुठे?" आर्किटेक्टला वाटलं आपटे फ्लॅटधारक आहेत. तो म्हणाला, "सी विंग."

म्हणून सांगतो, न्यूयॉर्कच्या वाचकांची स्थिती मला आतून कळते. अख्ख्या व्यवहारात विकणारा, घेणारा, बांधणारा, कर्ज देणारा आणि चिनी विमावाला हे सगळे पात्र. पन्नास वर्षं तिथे येऊन बसणारा तेवढा अपात्र. त्याने फक्त वाचलं. मेंटेनन्स भरला नाही. त्यातल्या त्यात इझिकेल डोनेल तरी पात्र ठरायला हवे होते, त्यांनी रोकड मोजली होती. पण नव्या शाखेच्या नावातून तेही गेले. आता ते नुसतं 'त्रेपन्नावा रस्ता ग्रंथालय' आहे. आपल्याकडे कुणी लोखंडी कपाट दिलं तरी त्याच्या दारावर 'कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ' असं रंगवून घेतात आणि कपाट गंजून गेलं तरी ते दार फेकायची कुणाची छाती होत नाही. डोनेलसाहेबांनी इमारतीऐवजी कपाट द्यायला हवं होतं.

या प्रकरणात यशस्वी पुनर्वसन झालं ते एका अस्वलाचं. 'विनी द पू' या जगप्रसिद्ध बालकथा ज्यांवर बेतल्या ती मूळ खेळणी, म्हणजे लेखक मिल्नच्या मुलाची खरीखुरी कापडी अस्वल, डुक्कर, गाढव, वाघ आणि कांगारू, १९८७ मध्ये प्रकाशकाने न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाला दिली आणि ती डोनेलच्या बालविभागात काचेआड राहायला आली. १९९८ मध्ये ब्रिटनच्या खासदार ग्वेनेथ डनवुडी ती पाहून आल्या आणि म्हणाल्या, ही खेळणी इथे उदास दिसतात, त्यांना मायदेशी पाठवा. झालं! न्यूयॉर्कचे महापौर जूलियानी जातीने अस्वलाच्या भेटीला गेले, वृत्तपत्रांनी शिरा ताणल्या. कोहिनूर मागून मागून आपण थकलो, त्या ब्रिटनला दुसऱ्याकडे काहीतरी मागताना पाहून मला जे समाधान वाटलं ते सुसंस्कृत माणसाला शोभणारं नाही.

तर डोनेल बंद झालं तेव्हा हजारो वाचकांना पर्यायी जागा कुठली, हे ज्याचं त्याने बघायचं होतं. चित्रपटांचा नावाजलेला संग्रह लिंकन सेंटरला गेला, बाकीचं इकडेतिकडे पांगलं. अस्वल मात्र सहकुटुंब थेट मुख्यालयात, दगडी सिंहांच्या पहाऱ्यात. पुढे त्या पाचही जणांना निष्णात कारागिरांकडे पाठवून शास्त्रशुद्ध डागडुजी करून घेतली. पेंढा भरला, शिवण घातली, वाफ दिली. कांगारूचं पिल्लू तेवढं पूर्वीच, १९३० च्या दशकात, सफरचंदांच्या बागेत हरवलं होतं. म्हाडात ते 'मयत वारस' म्हणून दाखवावं लागलं असतं.

डोनेलच्या धक्क्याने न्यूयॉर्कच्या वाचकांना एक गोष्ट कळली, जी आम्हाला पावती दाखवूनही कळली नव्हती: सभेला आधी जायचं असतं. मुख्यालयासमोरची मिड-मॅनहॅटन ही मोठी शाखा विकायची आणि मुख्यालयातली पुस्तकं हलवून तिला तिथे बसवायची, अशी पुढची योजना तयार होती. यावेळी वाचक, लेखक, संशोधक सगळे उठले. कोर्टात गेले, पायऱ्यांवर उभे राहिले, डोनेलचं नाव घेऊन घेऊन भंडावून सोडलं. २०१४ मध्ये व्यवस्थापनाने ती योजना गुंडाळली. मिड-मॅनहॅटन जागच्या जागी दुरुस्त झाली आणि २०२१ मध्ये उघडली, गच्चीसकट. गच्ची सगळ्यांना मोकळी आहे, वर जाऊन बसायचे पैसे नाहीत. ब्रुकलिन हाइट्समध्ये मात्र विरोध होऊनही शाखा ५ कोटी २० लाख डॉलरना गेली आणि वर मनोरा झाला. पण तिथे एवढी सुधारणा होती की मधल्या काळात रेम्सन स्ट्रीटवरच्या एका चर्चमध्ये तात्पुरतं ग्रंथालय चालवलं. ट्रान्झिट कॅम्प म्हणून देवाचं घर मिळालेले ते जगातले पहिलेच वाचक असावेत. तेही परत आपल्या जागी गेले ते २०२२ मध्ये.

मुलगी न्यू जर्सीत असते. मागे तिच्याकडे गेलो तेव्हा जावईबापूंना म्हटलं, तुमचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा नंतर, आधी मला त्रेपन्नाव्या रस्त्यावर न्या. मी रागाने भरून गेलो होतो. आत गेलो आणि पंचाईत झाली, कारण जागा छान होती. दारातून आत आलं की लाकडी पायऱ्याच पायऱ्या खाली उतरतात, नाट्यगृहासारख्या, आणि त्यांवर लोक बसलेले: कुणी लॅपटॉप घेऊन, कुणी डबा घेऊन, एक आजी नुसत्याच, पाय मोकळे करून. समोर भला मोठा पडदा. स्वच्छतागृह उघडं आणि स्वच्छ, ज्यासाठी मी मॅनहॅटनमध्ये कुणालाही साष्टांग घालायला तयार होतो. फक्त पुस्तकं कुठे दिसेनात. एका तरुण ग्रंथपालाला विचारलं तर त्याने हसून बोट खाली केलं. खाली गेलो, अजून खाली गेलो. होती. बुटक्या बुटक्या रॅकांत, पाहुण्यांच्या घरी अंग चोरून बसावं तशी. वर कुठेतरी काचेची झुंबरं लखलखत असतील, असा विचार करत मी मान वर केली, तर वातानुकूलनाचे पाइप.

राग धरायला आलेला माणूस स्वच्छतागृहामुळे विरघळला, हे कबूल. पण गणित गणिताच्या जागी. सत्त्याण्णवातून अठ्ठावीस गेले नाहीत, अठ्ठावीसच राहिले, हे मी परतताना जावईबापूंना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "बाबा, पण क्राउड चांगला होता."

निघण्याआधी मात्र मी म्हटलं, आलोच आहे तर कार्ड काढतो. काउंटरवर त्या तरुणाने नम्रपणे नियम सांगितला: न्यूयॉर्क राज्यात राहणारा, काम करणारा, शिकणारा किंवा मालमत्ता कर भरणारा असावा. मी मुंबईचा. मुलगी जर्सीची, नोकरीही जर्सीतच. तीन पिढ्यांची वाचनाची परंपरा सांगणारा मी माणूस, खिशात पासपोर्ट, आधार, दोन वाचनालयांची कार्डं, आणि पुन्हा अपात्र! पात्र एकटे जावईबापू, कारण त्यांचं ऑफिस मॅनहॅटनमध्ये. लग्नानंतर या माणसाने मायक्रोवेव्हच्या माहितीपत्रकापलीकडे काही वाचलेलं मी पाहिलेलं नाही. पाच मिनिटांत त्यांच्या नावाचं कार्ड तयार झालं. ते हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि काउंटरवर विचारलं, "यावर वायफायचा पासवर्ड कुठे असतो?"

तो तरुण म्हणाला, वायफायला कार्ड लागत नाही, पासवर्डही नाही, ते सगळ्यांना मोकळं आहे.

जावईबापू माझ्याकडे वळले. "मग बाबा, हे काढलं कशाला?"